राजारामचा उजवा डोळा

राजाराम खरात बसलेला मी फार कमी वेळा पाहिला. घाटकोपरला पंतनगरात त्याच्या खोलीत खुर्ची आहे, पण ती रिकामी असते. तो गॅलरीत असतो, नाहीतर जिन्याखाली कुणाची तरी सायकल उलटी करून चेन बसवत असतो. शकुवहिनी, त्याची बायको, मला म्हणते, "भावजी, यांना जेवायला बसवायचं म्हणजे आधी मेन स्विच बंद करावा लागतो."

आम्ही दोघं मुलुंडच्या एका कारखान्यात होतो. मी खलाशी. बोटीवरचा नव्हे, कारखान्यात जड मशीन जॅकवर उचलून, रोलरवर सरकवून जागेवर नेणाऱ्यांना आमच्याकडे खलाशी म्हणत. राजाराम टूलरूममध्ये होता, स्क्रेपिंगच्या कामावर. मी मशीन आणून ठेवायचो, तो ते सरळ करायचा. कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथं आता टॉवर आहेत.

स्क्रेपिंग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेथचा सरकता भाग ज्या लोखंडी वाटेवरून पुढंमागं जातो तिला बेड म्हणतात. वापरून वापरून बेड झिजतो. मग एक सरळ, जाड लोखंडी पट्टी घ्यायची, तिला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि ती बेडवर हलकेच घासायची. बेड जिथं उंच असेल तिथं निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका स्क्रेपरनं खरवडायचा. पुसायचं, परत निळं लावायचं, परत घासायचं. ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत हेच. स्क्रेपरची मूठ कमरेला लावून अंगानं रेटतात. नवीन माणूस दोन दिवसांत कमरेतून जातो. राजाराम तीस वर्षं ते करत होता आणि जेवणाच्या सुट्टीत व्हॉलीबॉल खेळायचा.

त्याचे वडील माण तालुक्यातून मुंबईत आले आणि महापालिकेच्या पाणीखात्यात चर खणायला लागले. मुलगा हातात कौशल्य घेऊन मोठा व्हावा म्हणून त्यांनी त्याला आयटीआयला घातलं. टूलरूमचा जुना मिस्त्री त्याला रोज एकच गोष्ट सांगायचा: आधी पट्टी तपास, मग काम तपास. पट्टी तपासताना टोकं बदलून ठेव आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बघत जा. दोष पट्टीबरोबर फिरला तर तो पट्टीचा. नाही फिरला तर दुसरीकडे शोध. राजारामनं पुढं स्वतःची पट्टी स्वतः घडवली. घरात पलंगाखाली लाकडी पेटीत, तेल लावून, कापडात गुंडाळून ती असते. मनाली, त्याची मुलगी, लहानपणी म्हणायची की बाबांना दोन मुली आहेत आणि धाकटीला रोज तेल लावतात.

कारखाना बंद झाल्यावरही त्याला कामं येत राहिली. हातानं स्क्रेपिंग करणारे आता उरले नाहीत. अंधेरीची एमआयडीसी, साकीनाका, मुलुंड, जिथं जुनं मशीन आहे तिथून फोन यायचा. मध्येच मधुमेह निघाला. त्यानं गोळ्या घेतल्या, पण त्याचा खरा विश्वास चालण्यावर. साखर चालून मोडायची, असं त्याचं. पंतनगर ते विद्याविहार तो इतक्या वेगानं जायचा की सोबतीला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी येत नसे.

डाव्या डोळ्यापुढं आधी काळे धागे आले. त्यानं चष्मा पुसला. मग लाल पडदा आला. आत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरकडे गेला तोवर उशीर झाला. त्या डोळ्याला आता उजेड-अंधार आणि माणसाची आकृती कळते, बाकी नाही. तेव्हा तपासणीत कळलं की उजव्यातही सूज आहे. नजर जिथं रोखतो नेमक्या त्या जागी, पडद्याच्या मधोमध.

घाटकोपरच्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात उजव्या डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. महिन्याला एक. बुबुळाच्या बाजूला, डोळ्याच्या पांढऱ्या भागात सुई. राजारामला त्याचं काही वाटलं नाही. त्याला राग होता तो थांबण्याचा. थेंब घालून बाकावर बसा, बाहुली मोठी होईस्तोवर बसा, स्कॅनला बसा. तो बाकावरून उठून हॉस्पिटलच्या दाराची बिजागरी बघायचा. वॉर्डबॉय ओरडायचा, "काका, जागेवर बसा, नंबर जाईल."

तिसऱ्या इंजेक्शननंतर त्याला समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचा नंबर दिसायला लागला. चौथ्याला तो गेला नाही.

मी विचारलं. तो म्हणाला, "नट बसला की पाना काढायचा. बसल्यावर अजून आवळलास तर आटे जातात."

"डोळ्याला आटे असतात का रे?"

"तुला काय कळणार, तू खलाशी. तू पाना धरलास कधी? पहार धरलीस."

"डॉक्टर मॅडमना विचारलंस?"

"त्या म्हणणार या. त्यांचं कामच आहे या म्हणायचं."

शकुवहिनी भांडली. मनालीनं कांदिवलीहून फोन केले. तो हो म्हणायचा आणि जायचा नाही. पाचवा महिना गेला, सहावा गेला. फिटरचं डोकं ते. काम जमलं की हात काढून घ्यायचा, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं की तेच बरोबर वाटलं. दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस कदाचित घाबरून तरी इंजेक्शनला गेला असता.

त्याच सुमारास साकीनाक्याहून शिवदासचा फोन आला. शिवदासची छोटी वर्कशॉप आहे, वडिलांपासूनचा एक जुना जर्मन लेथ आहे. बेड झिजला होता. राजाराम तासाभरात पेटी घेऊन निघाला. पट्टी जड, म्हणून मला बोलावलं. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन आम्ही दोघं म्हातारे गेलो.

तिथं गेल्यावर त्यानं आधी पट्टी तपासायला घेतली. शिवदासकडे ग्रॅनाइटची सपाट लादी होती. राजारामनं पट्टी तिच्यावर ठेवली, मागं दिवा धरायला लावला आणि वाकून कड बघितली. बघत राहिला.

"फुगली," तो म्हणाला.

"काय?"

"पट्टी. मध्ये फुगलीय. शकीनं दिवाळीला पेटी सरकवली असणार. आपटली असणार."

मी बघितलं. मला सरळ दिसत होती. तसं म्हणालो.

"तू दिवा धर."

त्यानं निळं लावून घासून पाहिलं. मला ठिपके सगळीकडे सारखे दिसत होते. त्याला मधले पुसट वाटले, फुगली असती तर ते ठळक हवे होते. म्हणाला, निळं जुनं आहे, नीट धरत नाही. आणि स्क्रेपर काढून त्यानं पट्टीचा मधला भाग खरवडायला घेतला. टोकं बदलून, टोकापासून टोकापर्यंत पाहिलं नाही. मिस्त्रीनं रोज सांगितलेली, त्यानं स्वतः पोरांना शिकवलेली ती एक गोष्ट त्या दिवशी केली नाही. घाई होती. किती दिवसांनी हातात काम आलं होतं.

त्या खरवडलेल्या पट्टीवर त्यानं बेड जुळवला. आठवडाभर. मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे. शर्ट पिळून काढावा असा घाम. साठी उलटलेला माणूस, आणि कमरेचा रेटा तोच. शेवटच्या दिवशी शिवदासनं एक लांब शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, चढवून हलका कट मारला आणि जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला. एका टोकाला लावला, दुसऱ्या टोकाला लावला, मध्ये लावला. मग परत मध्ये लावला.

शिवदास चांगला माणूस. हळू म्हणाला, "काका, मध्ये फरक येतोय."

"तुझा मायक्रोमीटर बघ."

"दोन लावले काका."

राजाराम माझ्याकडे वळला. मला म्हणाला, "जयवंता, धर." आम्ही पट्टी उचलून लादीवर ठेवली, टोकं बदलून. तो वाकला. या वेळी त्यानं नजर डाव्या टोकापासून सुरू केली.

तो हळूहळू उजवीकडे गेला. परत डावीकडे आला. परत उजवीकडे. मी दिवा धरून उभा होतो, हात भरून आला.

"डाव्या टोकाला बघतो तर डाव्या टोकाला फुगते," तो म्हणाला. "उजव्या टोकाला बघतो तर तिकडे."

मग त्यानं मान वर केली. "ट्यूबलाइट वाकडी आहे का रे?"

"नाही."

"शटरची कड?"

"सरळ आहे."

त्यानं शिवदासच्या तोंडाकडे पाहिलं. बाजूला लाकडी खोका होता, त्यावर बसला. बराच वेळ बसला. मला ते बघवेना, म्हणून मी निळं पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःहून हॉस्पिटलात निघाला. वहिनी आणि मी बरोबर. डॉक्टर गंधाली तरुण आहेत, बोलायला थेट. स्कॅन बघून त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. डोळ्याच्या आतला थर आडवा कापल्यासारखा दिसत होता आणि मधोमध उंचवटा, भाकरीला फोड येते तसा.

"काका, काय ठरलं होतं आपलं?"

"चुकलं," राजाराम म्हणाला. "पण हे होतं कशानं? पहिल्या वेळी मी विचारलं नाही. आता सांगा."

त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या पडद्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या साखरेनं खराब होतात. काही गळतात, काही बंद पडतात. जिथं रक्त पोचत नाही तो भाग एक प्रथिन सोडतो. व्हीईजीएफ त्याचं नाव. रक्तवाहिन्या वाढवणं हे त्याचं काम. त्याच्या हाकेनं नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात, जागा सोडून वाढतात, फुटतात. डावा डोळा तसाच गेला. आणि जुन्या वाहिन्या त्याच प्रथिनामुळं जास्त पाझरतात. उजव्यात ते पाणी मध्ये साठलं होतं, म्हणून सरळ रेघ फुगलेली दिसत होती.

राजाराम ऐकत होता. म्हणाला, "माझे वडील पाणीखात्यात होते. वरच्या वस्तीला पाणी चढत नसलं की लोक रात्रीत स्वतःच पाइप जोडून घ्यायचे. त्यांची तहान खरी. पण जोड कच्चे. सगळा उतार भिजून खचायचा."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

"मग हे प्रथिन वाईट म्हणायचं."

"नाही हो. आईच्या पोटात तुमच्या अंगातल्या रक्तवाहिन्या त्याच्याशिवाय झाल्याच नसत्या. आजही जखम भरायला ते लागतं. इथं ते नको तितकं आहे, एवढंच."

"म्हणजे कामगार चांगला. थांब म्हणणारा कुणी नाही."

शकुवहिनी म्हणाली, "मॅडम, असा एक माझ्याकडे पण आहे. चाळीस वर्षं संभाळतेय."

डॉक्टर हसल्या. राजाराम हसला नाही. तो विचारत होता, "इंजेक्शन काय करतं?"

"ते प्रथिन पकडून ठेवतं. पण तुमचा डोळा रोज नवीन तयार करतो आणि औषध काही आठवड्यांत संपतं. म्हणून परत द्यायचं. सूज गेली म्हणजे काम झालं असं नाही. सूज परत येऊ नये हेच काम आहे."

"कधीपर्यंत?"

"तारीख नाही सांगता येणार. साखर, बीपी ताब्यात राहिलं, स्कॅन चांगले आले, तर मधलं अंतर वाढवू."

"आणि गेलेलं परत येईल?"

"काही येईल. सगळं नाही. आत्ता थांबलात तर उरलंय तेही जाईल. हाताशी दुसरा डोळा नाही तुमच्याकडे."

मी आयुष्यभर मेहनतीला मान दिला. अंगचोर माणूस मला चालत नाही. पण जॅक चुकीच्या जागी लावून घाम गाळणारी गँग मी पाहिली आहे, आणि तेव्हा ओरडून काम थांबवावं लागतं. घाम खरा असतो, मशीन मात्र तसूभर हलत नाही, उलट पाया उखडतो. राजारामच्या डोळ्यात तेच चाललं होतं आणि बाहेर राजारामही तेच करून आला होता.

त्याच दुपारी तो साकीनाक्याला गेला. मला येऊ नको म्हणाला, पण मी गेलो. शिवदासला त्यानं उभ्याउभ्या सांगितलं, "बेड मी बिघडवला. मशीनचा दोष नाही, मायक्रोमीटरचा नाही. माझी पट्टी मीच खरवडून मारली. दुसरा माणूस बघ." शिवदास म्हणाला, बसा तरी, चहा घ्या. तो बसला नाही.

मग वाईट दिवस आले. काम नाही, चालणं डॉक्टरांनी बेतानं सांगितलेलं, आणि पुढच्या इंजेक्शनची वाट. हॉस्पिटलानं बारीक चौकटींचा एक कागद दिला होता. दिवसातून एकदा डावा डोळा झाकून त्यावरच्या रेघा बघायच्या, वाकड्या दिसतात का ते. राजारामनं तो कपाटाच्या दाराला चिकटवला आणि येता-जाता बघायला लागला. चहाच्या आधी, चहाच्या नंतर. आत्ता कमी वाकडी, आत्ता जास्त वाकडी. वहिनीनं एक दिवस कागद काढून ब्लाउजच्या कपड्यांत लपवला. तो स्वयंपाकघरात फरशीच्या रेघा बघत उभा राहिला.

"फरशी पण काढू का?" ती म्हणाली.

"शके, मला काहीतरी करू दे."

"करताय की. नुसतं राहायचंय. तेच जमत नाही तुम्हाला."

एक इंजेक्शन झालं. दुसरं झालं. दुसऱ्यानंतर फुगवटा कमी झाला, पण रेघ पूर्वीसारखी झाली नाही. त्याला परत तोच मोह झाला असेल का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिसऱ्याच्या दिवशी मात्र मी मुद्दाम पंतनगरात सकाळीच पोचलो. वहिनी म्हणाली, रात्रभर कूस बदलत होते.

हॉस्पिटलात स्कॅन झाला. डॉक्टर गंधाली म्हणाल्या, सूज उतरतेय, तक्त्यावरची वरून दुसरी ओळ वाचता येतेय, चिकाटी ठेवा. थेंब घालून आम्हाला बाकावर बसवलं. वहिनीनं थर्मासमधला चहा ओतून स्वतःसाठी कप भरला. राजारामला इंजेक्शनच्या आधी चहा नको होता.

तेवढ्यात फोन आला. शिवदास. राजारामला आकडे दिसत नव्हते, बाहुल्या मोठ्या झालेल्या. मी बटण दाबून दिलं. शिवदासचा आवाज बाहेर ऐकू येत होता. राजकोटहून स्क्रेपिंगवाला आला होता. त्याच दिवसापुरता, संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. बेड किती आणि कुठून कुठपर्यंत खरवडलाय ते त्याला कळत नव्हतं. "काका, तुम्ही नुसते येऊन उभे राहा. हात लावू नका. तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही हे."

राजाराम उठला.

साकीनाका लांब नाही. रिक्षानं गेलं तर दुपारपर्यंत परत येता येईल, हा हिशेब त्याच्या तोंडावर दिसत होता. नंबर जाईल, तारीख पुढं जाईल, ती किती पुढं जाईल ते सांगता येणार नाही, हाही. तो दारापर्यंत गेला. त्यानंच बिघडवलेलं काम तिकडे उघडं पडलं होतं. मला ते कळत होतं. बिघडवलेलं काम दुसऱ्यानं दुरुस्त करावं आणि आपण बाकावर बसावं, यापेक्षा वाईट शिक्षा आमच्या पिढीच्या कामगाराला नाही. वहिनीनं त्याला हाक मारली नाही. कप हातात धरून ती समोर भिंतीकडे बघत राहिली.

आतून नर्सनं नाव घेतलं. "राजाराम खरात."

तो दारातच होता. फोन अजून कानाला. म्हणाला, "शिवदास, त्याला सांग दोन्ही टोकांकडून आत खरवडत आलोय. मधला हातभर भाग उंच राहिलाय. लादीवरून नवीन पट्टी जुळवून घे म्हणावं, माझी वापरू नको." शिवदासनं परत विचारलं. "नाही, येत नाही. मी कामावर आहे."

फोन त्यानं माझ्या हातात दिला आणि भिंतीला धरत आत गेला.

आत जाता येत नाही. तोंडावर हिरवं कापड टाकतात, डोळ्यापुरतं भोक असतं, पापण्या चिमट्यानं उघड्या ठेवतात, आणि सांगतात, हलायचं नाही. हे मला त्याच्याकडूनच माहीत. शिवदासचा फोन परत आला नाही, म्हणजे सांगितलेलं पुरलं असावं.

तो बाहेर आला. डोळ्यावर पट्टी, कपाळावर घाम. चाचपडत वहिनीच्या शेजारी बसला आणि उठला नाही. श्वास घेत राहिला, वजन उचलून ठेवल्यावर घेतात तसा.

"अजिबात हललो नाही," तो म्हणाला. "नर्स म्हणाली, काका, श्वास तरी घ्या. पूर्ण पाळी भरल्यासारखं झालं. किती वाजले?"

वहिनीनं थर्मासमधून कप भरून त्याच्या हातात दिला. "घ्या. अजून गरम आहे."